दोन पंख्यांचं कार्ड

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी त्रेपन्नाव्या वर्षी गेम खेळायला कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने त्यांना एकच प्रश्न विचारला, "कशासाठी?" गेम खेळायला, असं त्या सांगत होत्या, पण ते उत्तर कुणाच्या पचनी पडेना. थोरल्या दिरांनी मासे पकडायचे तीन गळ घेतले आणि आजवर एक मासा घरी आणला नाही. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, कशासाठी. माझा नवरा रोज ऑफिसातून आला की जेवणाला हाका मारेपर्यंत कॉम्प्युटरवर लढाया करतो, त्यालाही नाही. आणि तोच सगळ्यांत जास्त हसला. "वहिनी, त्यापेक्षा एखादा चांगला मिक्सर घ्या," म्हणाला.

ताई, म्हणजे या जाऊबाई, दातांच्या लॅबमध्ये काम करतात. डॉक्टर पेशंटचं माप पाठवतात, ताई त्यावरून कवळ्या बनवतात. हल्ली दात आधी कॉम्प्युटरवर आखतात, म्हणून लॅबने एक दणकट कॉम्प्युटर आणला होता. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम टाकला. ताईंनी चिखलाच्या रस्त्यावरून गाडी पळवली, तिसऱ्या वळणावर झाडावर आपटली आणि संध्याकाळी मला फोन केला. "अगं, इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नाही!" आठ दिवसांत लॅबच्या मालकांना पत्ता लागला आणि गेम गेला. ताईंच्या डोक्यातून मात्र गेला नाही.

तयार कॉम्प्युटर त्यांना नको होता. "तयार कवळी कुणाच्या तोंडात नीट बसलीय?" असं म्हणत त्यांनी एक दोनशे पानी वही घेतली आणि तीन महिने अभ्यास केला. माझ्यासमोर बसून त्या मोठ्याने विचार करायच्या. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ऐकता ऐकता कळायला लागलं. प्रोसेसर हे डोकं. मदरबोर्ड म्हणजे सगळं ज्यावर जोडायचं ती पाटी. पॉवर सप्लाय स्वस्तातला घेतला तर बाकीच्यांचाही जीव धोक्यात. आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेममधलं चित्र क्षणाक्षणाला तयार करून पडद्यावर पाठवणारा भाग. शर्यतीच्या गेमची सगळी मदार त्याच्यावर. ताईंना हवं होतं ते कार्ड दोन पंख्यांचं होतं, चांगलं वीतभर लांब. ते निवडलेल्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाहेरच्या डब्यात, मावेल का, याची खात्री करायला त्यांनी लॅबमधल्या प्लास्टरचा अगदी त्याच मापाचा ठोकळा ओतला, घासूनपुसून गुळगुळीत केला आणि पिशवीत घालून दुकानात नेला.

दुकानात माझा नवरा सोबत गेला. गेला म्हणजे काय, निघालाच. "तुम्हाला फसवतील, वहिनी." मीही होते. दुकानदार तासभर माझ्या नवऱ्याशी बोलत होता. ताईंनी वही उघडून विचारलं, "हा पॉवर सप्लाय तुमच्याकडे आहे का?" त्याने उत्तर माझ्या नवऱ्याकडे बघून दिलं, "साहेब, आहे की." एकदाच तो ताईंकडे वळला. "मॅडम, लाइट कुठल्या रंगाचे हवेत? गुलाबीही येतात."

ताई म्हणाल्या, "मला लाइट नकोत. हवा खेळती राहील असं कॅबिनेट हवंय." आणि त्यांनी काउंटरवर तो प्लास्टरचा ठोकळा ठेवला. दुकानदाराने गुपचूप कॅबिनेट उघडून दिलं. ठोकळा अचूक बसला. माझा नवरा मात्र प्रत्येक वस्तूला नाक मुरडत होता. प्रोसेसर चुकीचा आहे, हे तर त्याने तीनदा सांगितलं. ताईंनी वहीतली एकही ओळ बदलली नाही. फक्त कार्ड शिल्लक नव्हतं. आठवड्याने येणार होतं. पैसे भरून ठेवले आणि नवरा म्हणाला, "माझ्या ऑफिसच्या रस्त्यावरच आहे. मी आणतो." मला तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं. आता आठवलं की स्वतःचीच चीड येते.

त्या आठवड्यात ताईंनी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून बाकी सगळं स्वतः जोडलं. चिमट्याने बारीक दात बसवणारे हात ते, एक स्क्रू इकडचा तिकडे झाला नाही. कार्ड घेऊन नवरा आला, तेव्हा खोक्याचं सील तोडलेलं होतं. "दुकानात लावून तपासून घेतलं," म्हणाला. ताईंनी हात पुढे केला तर म्हणाला, "राहू द्या, हे नाजूक काम आहे." ताईंकडे पाठ करून त्याने कार्ड बसवलं, झाकण लावलं. रिकामं खोकं ताईंनी कपाटावर ठेवलं.

गेम सुरू झाला आणि गाडी अडखळायला लागली. रस्ता तुकड्यातुकड्यांनी पुढे यायचा. वळण दिसेपर्यंत गाडी झाडात.

"मी सांगत होतो," नवरा म्हणाला, "प्रोसेसर चुकलाय. अनुभव लागतो, वहिनी. वहीत लिहून होत नाही."

पुढचे पंधरा दिवस ताई वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचत होत्या. मला फोन करून म्हणायच्या, "कुठं चुकलं असेल गं? मी सगळं तीन-तीनदा पडताळलं होतं." सत्तावीस वर्षं जिच्या मापात केसाचा फरक निघाला नाही, ती बाई स्वतःच्या अकलेवर संशय घेत बसली होती. आणि माझा नवरा रोज जेवताना तोच विषय काढून हसत होता. मीही एकदा हसले, हे लपवणार नाही.

एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज अगदी थंड.

"मी झाकण उघडलंय. एखादी वायर सैल असेल म्हणून. अगं, आतलं कार्ड ठोकळ्याच्या मानाने चांगलं सात सेंटिमीटर आखूड आहे. पंखाही एकच. तुझ्या घरी जो कॉम्प्युटर आहे, त्याच्या बाजूच्या काचेतून किती पंख्यांचं कार्ड दिसतं?"

नवरा भाजी आणायला गेला होता. मी त्याच्या खोलीत गेले. इतकी वर्षं तिथली धूळ मीच पुसतेय, एकाच पंख्याचं कार्ड होतं ते. आता दोन होते.

"दोन," मी म्हणाले.

"खोक्यावरचा नंबर वाचते. तू कार्डावरचा बघ."

आमच्या दुकानात खोक्यावरचा बॅच नंबर आणि गोळ्यांच्या पाकिटावरचा जुळल्याशिवाय मी काही देत नाही. ती सवय कामी आली. मी मोबाइलचा टॉर्च लावला, मान वाकडी करून एकेक आकडा वाचत गेले. शेवटपर्यंत जुळला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नवरा भाजीची पिशवी घेऊन आत आला, तशी मी त्याला खोलीत नेऊन काचेवर बोट ठेवलं. "हे कुणाचं?"

तो दचकला नाही, याचाच मला जास्त राग आला. वैतागल्यासारखा म्हणाला, "अगं, त्यांना काय कळतंय त्यातलं? गाडी गाडी खेळायचंय त्यांना. माझं जुनं कार्ड पुरेसं होतं त्याला. असली वस्तू तिथं पडून वाया गेली असती."

"पैसे त्यांचे होते."

"घरातल्या घरातच आहे ना? मी काय पळून चाललोय?"

"आणि प्रोसेसर चुकला म्हणून जे रोज ऐकवत होतास, ते?"

यावर मात्र त्याने पाठ फिरवली. पिशवीतली भाजी टेबलावर काढायला लागला, जसं काही ती आत्ताच निवडायची होती. मी ताईंना फोन करून म्हटलं, "या. आत्ताच्या आत्ता या."

तासाभरात ताई आणि थोरले दीर आले. थोरले दीर दारातच मला म्हणाले, "हे बघ, भाऊ आहे तो. चेष्टेत झालं असेल. उगाच वाढवायला नको." मी काही बोलायच्या आत ताईच वळल्या.

"मी एखाद्या पेशंटला दुसऱ्याची जुनी कवळी धुऊन दिली, आणि वर म्हटलं तुमच्या हिरड्याच वाकड्या आहेत, तर चेष्टेत झालं म्हणाल तुम्ही?"

दिरांनी चपला काढल्या आणि ते खुर्चीत जाऊन बसले.

नवऱ्याने समजुतीचा सूर लावला. "वहिनी, पुढच्या आठवड्यात काढून देतो ना. जरा एक काम अर्धवट आहे त्यावर."

"कॉम्प्युटर बंद करा, भाऊजी."

"नाजूक असतं ते, तुम्हाला—"

"बंद करा."

त्याने बंद केला. ताईंनी पर्समधून स्वतःचा स्क्रूड्रायव्हर काढला, काच उतरवून बाजूला ठेवली. मी टॉर्च धरला. दोन स्क्रू, एक वायर, मग खाचेचा खटका दाबून त्यांनी कार्ड अलगद वर उचललं. त्याचं जुनं कार्ड त्यांनी फडक्यात गुंडाळून आणलं होतं. तेही त्यांनीच बसवलं. "तुमची वस्तू तुमच्याकडे. तपासून घ्या," म्हणाल्या.

"एवढ्याशा गोष्टीसाठी इतका तमाशा," नवरा पुटपुटला.

ताई निघाल्या होत्या, त्या थांबल्या. "वस्तू मिळाली मला. आता एक वाक्य हवंय. प्रोसेसर चुकला नव्हता, असं म्हणा."

"वहिनी, आता काय त्याचं..."

"पंधरा दिवस मी स्वतःला मूर्ख समजत होते, भाऊजी. तुम्हाला खरं ठाऊक होतं. तुम्ही समोर बसून बघत होतात."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मदतीला येईन असं त्याला वाटलं असावं. मी टॉर्च बंद केला आणि तशीच उभी राहिले.

"नव्हता चुकला," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"काय नव्हतं चुकलं?"

"प्रोसेसर. तुमची यादी बरोबर होती."

ताईंनी मान हलवली आणि त्या गेल्या. संध्याकाळी त्यांनी मला व्हिडिओ पाठवला. गाडी चिखल उडवत सुसाट चालली होती, कुठेही अडखळत नव्हती, आणि मागून ताई "अगं बघ, बघ!" म्हणून ओरडत होत्या. चौथ्या वळणावर त्या झाडावर आदळल्या, तो दोष मात्र त्यांचा स्वतःचा होता.

नवरा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. मग बोलायला लागला, जसं काही झालंच नव्हतं. मलाही वाटलं, लाजला असेल, शिकला असेल.

गेल्या महिन्यात माझ्या नणंदेकडे सगळे जमलो होतो. तिच्या यजमानांनी ताईंच्या कॉम्प्युटरची चौकशी केली. ताई तोंड उघडणार, तेवढ्यात माझा नवरा पुढे सरसावून म्हणाला, "मीच बांधून दिलाय वहिनींना. एकेक पार्ट निवडून. ग्राफिक्स कार्ड तर मी स्वतः जाऊन आणलं."

थोरले दीर बशीतल्या बिस्किटाकडे बघायला लागले. ताईंनी कपाळाला हात लावला. आजवर असल्या वेळी मी मूग गिळून बसत आलेय. नवऱ्याची चारचौघांत शोभा होऊ नये म्हणून किती गोष्टी पोटात घातल्या, त्याची गणती नाही. त्या दिवशी मात्र मी कप खाली ठेवला.

"आणलं खरं," मी म्हणाले, "पण कुणाच्या घरी आणलं, ते मी सांगते."

आणि दुकानदाराच्या गुलाबी लाइटांपासून सुरुवात करून मी सगळ्यांना सगळं सांगितलं. नवरा दोनदा मध्ये बोलायला गेला, तेव्हा नणंदच त्याला म्हणाली, "थांब रे, तिला पुरं करू दे."