उलटी नदी

बाबा संग्रहालयात पहारेकरी होते. सव्वीस वर्षं एकच दालन, एकच स्टूल आणि समोर एकच मोठं चित्र: नदी, काठावर चरणारी गुरं, गवत कापणारी माणसं. पुढे दालनाला आग लागली आणि ते चित्र जळालं. उरला फक्त त्याचा जुना छाप. कुणीतरी ते चित्र पाहून तांब्याच्या पत्र्यावर कोरलं होतं आणि शाई लावून कागदावर उतरवलं होतं.

गेल्या महिन्यात हा छाप प्रदर्शनात लागला. त्याची चौकट मीच केली. जुनी चित्रं दुरुस्त करून चौकटीत बसवणं हेच माझं त्या संग्रहालयातलं काम. बाबांना हौसेनं घेऊन गेले. ते छापासमोर बराच वेळ उभे राहिले आणि चारचौघांत म्हणाले, "ही नदी उलटी वाहतेय. ती उजवीकडे जायची."

संग्रहालयाचे साहेब गालातल्या गालात हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांचं डोकं ठिकाणावर नाही, असं दादा वर्षभर म्हणतच होता. त्याला निमित्तच मिळालं. त्याच संध्याकाळी त्यानं बाबांकडून घराची किल्ली काढून घेतली. सकाळचं एकट्यानं फिरायला जाणं बंद. आणि मी काय केलं? भांडायचं सोडून बाबांनाच समजावत बसले, की छाप चित्र पाहूनच कोरलाय, नदी डावीकडेच वाहत असणार. बाबा हट्टाला पेटले. रोज माझं तेच, त्यांचं तेच. मग एक दिवस ते गप्प झाले आणि आम्हाला हायसं वाटलं.

काल प्रदर्शन उठलं. छाप टेबलावर घेऊन धूळ झटकताना माझं लक्ष गवत कापणाऱ्यांकडे गेलं. सगळ्यांचे विळे डाव्या हातात. गुराख्याची काठीही डाव्या हातात. अख्खं गाव डावखुरं कसं असेल?

चित्र जसंच्या तसं पत्र्यावर कोरलं, की कागदावर ते आरशातल्यासारखं उलटं उमटतं. हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते. एकोणीस वर्षं शिकवतेय. बापाच्या वेळी मात्र अक्कल गहाण टाकली होती. स्वतःचा इतका संताप आला की हातातला ब्रश भिंतीवर फेकला.

घरी येऊन दादाला मोबाइलवर छापाचा फोटो उलटा करून दाखवला. तो आधी फाटे फोडत राहिला, मग कुरकुरत खिशातून किल्ली काढली. ती मुठीत धरून मी बाबांच्या खोलीत गेले. दादाही मागोमाग आला. बाबा बूट घालून खिडकीपाशी बसले होते.

"बाबा, सांगा ना, नदी कुठे जायची?" माझी घाई अशी, की त्यांनी 'उजवीकडे' म्हणावं आणि मी किल्ली त्यांच्या हातात ठेवावी.

त्यांनी आधी दादाकडे पाहिलं.

"डावीकडे," ते हळूच म्हणाले. "पाठ केलंय मी. आता किल्ली द्याल?"