गोमाची नळी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची नळी आहे. वीतभर लांब, अंगावर मापाच्या बारीक रेघा. खालचं टोक औषधात बुडवायचं, वरचं ओठांत धरायचं आणि श्वासाने हवं तेवढं वर ओढायचं, एवढंच माझं काम.

१९२७ साली मी कर्जतच्या एका दवाखान्यामागच्या तपासणीच्या खोलीत आले. खोली सांभाळायचे झाकीरभाई. मुंबईला तीन महिने शिकून आलेले आणि कडक. नळीच्या वरच्या टोकात कापसाचा बोळा घातल्याशिवाय ती तोंडाला लावायची नाही, हा त्यांचा पहिला धडा. काही तोंडात गेलं तर लगेच सांगायचं, हा दुसरा.

त्यांचा मदतनीस गोमा कोंडाण्याजवळच्या वाडीचा. उन्हाळ्यात झरे आटले की त्याच्या वाडीची माणसं कातळाच्या फटीत पोकळ काडी घालून पाणी ओढून पीत. माझी विद्या त्याच्या ओठांना आधीपासूनच येत होती म्हणा ना. तो न बघता नेमक्या रेघेवर थांबायचा. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली, तेव्हा मीही फुलून गेले. मेलं काचेलासुद्धा गर्व होतो.

एक दिवस गोमा म्हणाला, "भाई, बोळ्यानं वढ कळत नाय. तसंच वढू का?"

टेबलावर नमुन्यांची रांग लागली होती. भाई हसले. "तुला काय शिकवायचं रं," म्हणाले. त्या दिवसापासून बोळा डबीतच राहिला.

श्रावणातल्या एका दुपारी गोमा मुंबईहून आलेल्या बाटलीतलं पाणी ओढत होता. त्यात रक्ताच्या तपासणीसाठी लागणारे मुदतीच्या तापाचे, म्हणजे टायफॉइडचे, जिवंत जंतू होते. इतक्यात भाकरी घेऊन आलेल्या त्याच्या बायकोने, मंगळीने, दारातून हाक मारली. त्याची मान जराशी वळली आणि पाणी रेघ ओलांडून थेट त्याच्या जिभेवर गेलं.

मंगळी गेल्यावर त्याने चुळांवर चुळा भरल्या आणि भाईंना सांगितलं. भाईंचा चेहरा उतरला. "कुणाला बोलू नकोस गोमा. वर कळलं तर ही खोली बंद करतील."

"नाय बोलत, भाई. शबुद दिला."

दहा-बारा दिवसांनी गोमाला ताप चढला. भाई तेव्हा खालापूरला हिवतापाच्या कामावर गेले होते. आमच्याकडे ताप म्हणजे हिवतापच. मंगळीने हिवतापावरचं कोयनेल आणलं, भाकरी भरवली, आणि जरा बरं वाटलं की गोमा मोळीला रानात जायचा. मुदतीच्या तापात आतडी नाजूक होतात, पडून राहायचं असतं, पातळ पेजेवर राहायचं असतं. हे तिला कोण सांगणार? तिसऱ्या आठवड्यात त्याचं पोट फुगलं आणि तो गेला.

भाई परतल्यावर मंगळी खोलीत आली. "भाई, शेवटाला म्हनत व्हता, भाईंना शबुद दिलाय. कसला शबुद?"

भाईंनी सगळं सांगितलं.

"मला सांगलं असतं, तर मी त्याला उठूच दिला नसता," ती म्हणाली आणि निघून गेली.

भाईंनी मला फोडलं नाही. उकळून घेतलं, बोळा घातला. पुढे जो शिकायला येई, त्याच्या हातात मला देऊन ते आधी स्वतःची चूक सांगत. "बोळा नळीला घालायचा होता. मी तो गोमाच्या तोंडात घातला."

एकदा शकूर नावाचा नवा मदतनीस धावत आला. "भाई, नमुना बोटाच्या जखमेवर सांडला." भाईंनी स्वतः त्याचं बोट धुतलं, डॉक्टरांना बोलावलं. "सांगितलंस, बरं केलंस," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मित्रांनो, चूक झाली तर लगेच सांगा. आणि तुमच्याकडे कुणी सांगायला आलं, तर त्याच्याकडून गप्प राहण्याचा शब्द घेऊ नका. गोमासारखी माणसं तो पाळतात.