चेंदणीतून न निघालेला पासपोर्ट

ऐका, मी एक पासपोर्ट आहे आणि मी आयुष्यात कुठेही गेलेलो नाही. मुंबई, ठाणे, डोंबिवली एवढंच काय ते फिरलो, पण तेवढ्यासाठी पासपोर्ट लागत नाही.

माझा जन्म मुंबईच्या पासपोर्ट कचेरीतला, एकोणीसशे नव्वदच्या सुरुवातीचा. तेव्हा आमच्यावर नावं हातानं लिहीत. एका कारकुनानं ठसठशीत इंग्रजी अक्षरांत माझ्या पानावर लिहिलं, मनीबाई नामा कोळी. शेजारी फोटो चिकटवला, शिक्का मारला, आणि मी टपालानं ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात येऊन पोहोचलो.

जिच्यासाठी मी जन्मलो त्या बाईचं खरं नाव मनुबाई. रेशनकार्ड लिहिताना कुणीतरी मनूची मनी करून ठेवली होती, तीच माझ्यावर उतरली. मनुबाईला त्याचं काही वाटलं नाही. नवरा नामा खाडीत गेला तो परत आला नाही. तेव्हापासून तिनं बाजारात मासळीची पाटी लावून गुणाजी आणि शेवंती ही दोन पोरं वाढवली होती. तिला कुणी मनू म्हणे, कुणी मावशी, कुणी नुसतंच बाय. एका अक्षरानं काय बिघडतंय, असं तिला वाटलं. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

फोटो टेंभी नाक्याच्या स्टुडिओत काढला होता. अंबाडा घालून, ठेवणीतलं लुगडं नेसून ती बसली. फोटोवाल्यानं बजावलं की पासपोर्टच्या फोटोत हसायचं नसतं. तिनं ओठ मिटून घेतले. पण गाल काही ऐकेनात. आजही माझं ते पान उघडलंत तर कळेल, ही बाई कुठंतरी जायला निघालीय आणि तिला घाई झालीय.

तिला जायचं होतं कुवेतला, शेवंतीकडे. शेवंतीचा नवरा त्र्यंबक मूळचा डोंबिवलीचा, तिकडे एका वर्कशॉपात फोरमन होता. लग्नानंतर दोनदा शेवंतीला दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोटातलं टिकलं नाही. आता तिसऱ्यांदा राहिले होते, आणि डॉक्टरनं सांगितलं होतं की विमानाचं नावसुद्धा काढू नका. बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडची रीत. मनुबाईनं ठरवलं की लेकीला माहेरी येता येत नसेल तर माहेरच उठून तिकडं जाईल. कोळीवाड्यातून एकट्या बाईनं विमानात बसायचं म्हणून शेजारपाजारचे हसले. ती त्यांनाच विचारे, होडीत बसताना कोण बरोबर असतं?

व्हिसा म्हणजे त्या देशानं माझ्या अंगावर मारायचा होकार. त्यासाठी आधी त्र्यंबकनं तिकडून बोलावण्याचा कागद धाडायचा, मग तो आणि मी मिळून मुंबईतल्या वकिलातीत जायचं, अशी रीत होती. त्र्यंबकनं कागद धाडला. त्यावर सासूचं नाव त्याला ठाऊक होतं तसंच होतं, मनुबाई. खिडकीमागच्या माणसानं कागद पाहिला, मला पाहिलं, आणि दोघांनाही परत सरकवलं. कागदावरची बाई वेगळी आणि पासपोर्टातली वेगळी, असं त्याचं म्हणणं. त्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्यासमोर फक्त अक्षरं होती.

गुणाजी तेव्हा एका कारखान्यात पाळीवर होता. रजा टाकून तो आईबरोबर खेपा घालू लागला. माझ्यावरचं नाव बदलायचं तर पुन्हा पोलीस चौकशीपासून सुरुवात. त्यापेक्षा त्र्यंबकनं नवा कागद काढणं सोपं, असं ठरलं. टपालाला दिवस लागले, तिकडच्या कचेरीला दिवस लागले. मनुबाईचं शिक्षण नव्हतं, म्हणून इकडच्या सरकारची आणखी एक मंजुरी लागते हे मधेच कळलं, त्यात आणखी गेले. जायचं होतं जूनमध्ये. व्हिसाचा शिक्का बसला जुलै सरता सरता. विमानाचं तिकीट मिळालं ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातलं. शेवंतीचे दिवस महिनाअखेरीला भरत होते, म्हणजे अजून वेळ होता.

शिक्का बसला त्या दिवशी मनुबाईनं मला देव्हाऱ्यात एकवीरेच्या तसबिरीपुढं ठेवलं. हळदकुंकू लावणार होती, गुणाजीनं हात धरला म्हणून वाचलो.

ऑगस्टच्या दोन तारखेला ती नेहमीसारखी बाजारात बसली होती. गुणाजी धावत आला. इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं होतं. मनुबाईला इराक कुठं ते ठाऊक नव्हतं. तिनं एवढंच विचारलं की शेवंतीच्या घरापासून ते लांब हाय ना. गुणाजी म्हणाला, आये, घरी चल. तिनं पाटीतली मासळी शेजारणीच्या पाटीत ओतली आणि घरी आली.

त्यानंतर फोन लागेना. शेजारच्या सगुणाकडे टेलिफोन होता. मनुबाई तिच्या ओटीवर जाऊन बसायची, घंटी वाजली की उठायची, आपला नाही म्हटल्यावर पुन्हा बसायची. सगुणा मनानं वाईट नव्हती. ती म्हणाली, "वाचलीस गो मनू. कागद वेळेवर झाला असता तर तूपण आज थयंच अडकली असतीस." पुढं आठवडाभर येणारा जाणारा प्रत्येक जण हेच म्हणत होता. मनुबाई मान हलवायची. घरी येऊन मला हातात घ्यायची आणि त्या नावावरून अंगठा फिरवत राहायची. वाचता येत नव्हतं, पण कुठलं अक्षर नडलं ते तिनं गुणाजीकडून नीट समजून घेतलं होतं.

मग बातमी आली की तिकडची माणसं बसमधून बगदादमार्गे जॉर्डनकडे निघालीत आणि अम्मानहून विमानं त्यांना मुंबईला आणतायत. मनुबाई मला घेऊन मुंबईच्या एका सरकारी कचेरीत गेली. नातेवाइकांची गर्दी होती. तिची पाळी आल्यावर तिनं मला टेबलावर उघडून ठेवलं आणि म्हणाली, "साहेब, माझ्याकडं व्हिसा हाय. येताना विमानं भरून येतात, जाताना तर रिकामी जातात ना? त्यात मना बसवा. पोरीचे दिवस भरलेत."

साहेब पिकल्या केसांचे होते. त्यांनी शिक्का पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. "आजी," ते म्हणाले, "हा शिक्का ज्या सरकारनं मारला ते सरकारच आता तिथं नाही."

मला बंद करून त्यांनी दोन्ही हातांनी तिच्या हातात दिलं. एवढ्या अदबीनं मला कुणी दिलं नव्हतं.

शेवंती आणि त्र्यंबक सप्टेंबरात सहार विमानतळावर उतरले. मी मनुबाईच्या कनवटीला होतो. तिनं मला का आणलं होतं कोण जाणे. माणसं बाहेर येत होती, कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या हातात काहीच नाही. त्र्यंबकची दाढी वाढली होती. शेवंतीच्या अंगावर कुणा परकीचा ढगळ सदरा होता. मनुबाईनं लेकीचं सपाट पोट पाहिलं. मग तिच्या मागं पाहिलं, त्र्यंबकच्या मागं पाहिलं. मूल घेऊन कुणीतरी मागून येत असेल असं तिला वाटलं. मागून एक म्हातारा आला, मग दार मिटलं.

शेवंती आईजवळ येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आये, मी तुला किती हाका मारल्या."

बाकीचं त्र्यंबकनं घरी सांगितलं, भिंतीकडे बघत. जॉर्डनच्या सरहद्दीपलीकडे वाळवंटात तंबू होते. दिवसा भाजायचं, पाण्यासाठी रांगा लागायच्या. तिथं कळा सुरू झाल्या. शेजारच्या तंबूत केरळची एक नर्स होती, तिनं जमेल तेवढं केलं. मुलगा झाला. सकाळपर्यंत होता. त्र्यंबकनं आणि आणखी दोघांनी त्याला तंबूंच्या मागं नेऊन पुरलं आणि वर दगड ठेवला. शेवंतीला उठवत नव्हतं, ती आतच होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बसचा पुकारा झाला.

ती दोघं डोंबिवलीला राहू लागली. त्र्यंबकनं शहाडला गॅरेज टाकलं. पुन्हा मूल झालं नाही. सणावारी शेवंती कोळीवाड्यात यायची, भावजयीला हातभार लावायची, आईच्या पाया पडून जायची. भांडण नव्हतं. पण आईजवळ ती कधी एकटी बसली नाही. मनुबाई स्वयंपाकघरात आली की तिला बाहेर काहीतरी काम आठवायचं. मी कपाटातून हे बघत होतो. पाहुणी माणसं अशी वागतात, लेकी अशा वागत नाहीत.

अशी सहा वर्षं गेली. एके दिवशी मनुबाईनं मला बाहेर काढलं, पुसलं, आणि स्टेशनजवळ कुंडलिक नावाचा एक ट्रॅव्हल एजंट बसायचा त्याच्याकडे नेलं. जॉर्डनचा पर्यटक व्हिसा पाहिजे म्हणाली. कोळीवाड्यातली म्हातारी पर्यटनाला निघालेली बघून तो खूश झाला. त्यानं रंगीत चित्रांचं पत्रक काढलं. लाल दगडात कोरलेलं जुनं शहर, माणूस बुडत नाही असा समुद्र. अर्ज भरताना त्यानं विचारलं, "मावशी, यातलं काय काय बघायचंय?"

"माझा नातू हाय थयं," मनुबाई म्हणाली. "वाळूत."

कुंडलिकनं पेन खाली ठेवलं. तिनं सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यानं पत्रक मिटलं, पेन पुन्हा उचललं आणि प्रवासाच्या कारणापुढं पर्यटन असंच लिहिलं. अर्जात दुसरं लिहायला जागा नव्हती. बरोबर त्र्यंबकचाही अर्ज केला. जागा त्याला एकट्याला ठाऊक होती, आणि सासूनं विचारताच त्यानं आपला पासपोर्ट आणून दिला होता. शेवंतीला मात्र दोघांनी सांगितलं नव्हतं.

या वेळी नावावरून काही अडलं नाही. व्हिसा मिळाला.

शेवंतीला कळलं ते त्र्यंबकच्या तोंडूनच. दुपारची ती एकटीच कोळीवाड्यात आली. मनुबाई जमिनीवर बसून मला रुमालात बांधत होती. शेवंती समोर बसली. किती वर्षांनी त्या दोघी अशा समोरासमोर बसल्या होत्या.

"तू जाणार," शेवंती म्हणाली. "त्यांनी जागा बघितलीय. आता तूपण बघणार. मग मीच एकटी राहीन, आये. मी त्याची आई, नि मला जागा ठाऊक नाय."

मनुबाई म्हणाली की मग तूच चल, तुझाही व्हिसा काढू. शेवंतीनं मान हलवली. तिला ते जमणार नव्हतं. त्या वाळूवर तिला पुन्हा पाय ठेवता आला नसता. मग लहान मुलीसारखं म्हणाली, "परत नको ना मला सोडून राहू."

मनुबाईनं मला खाली ठेवलं. ती म्हणू शकली असती की बाय, तेव्हा मी मुद्दाम नाही राहिले, एका अक्षरानं राहिले. ते सांगायला तिच्यापाशी मी होतो, पुराव्यासकट. पण तिनं लेकीचं डोकं मांडीवर घेतलं, आणि शेवंती तंबूत जेवढी रडली नव्हती तेवढी रडली.

मनुबाई जॉर्डनला गेली नाही. व्हिसाची मुदत संपून गेली. त्याऐवजी ती कपड्यांची पिशवी घेऊन डोंबिवलीला लेकीकडे गेली, मीही त्या पिशवीत होतो. तिथं तिनं शेवंतीला रोज तेल लावलं, कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, शेगडीवर शेक दिला, कानाला रुमाल बांधून निजवलं. बाळंतिणीचं करतात तसं, सव्वा महिना. शेजारणींना वाटलं लेक आजारी आहे. त्र्यंबक सकाळी गुपचूप निखारे पेटवून द्यायचा आणि गॅरेजला जायचा. पाळणा नव्हता, बारसं नव्हतं. पण त्या दिवसांत आईलेकी दार लावून तासन्‌तास बोलत, आणि शेवंतीनं बाळाचे कान कसे होते ते आईला सांगितलेलं मी ऐकलं.

पुढच्याच वर्षी मनुबाई गेली. रात्री जेवून निजली, सकाळी उठली नाही. माणूस गेल्यावर पासपोर्ट परत करायचा असतो म्हणून गुणाजी मला कचेरीत घेऊन गेला. तिथल्या बाईंनी माझी पानं चाळली. दोन देशांचे व्हिसे, आणि पोचल्याचा शिक्का एकही नाही. त्यांनी नवलानं वर पाहिलं. गुणाजी म्हणाला, जमलं नाही. बाईंनी माझा कोपरा कात्रीनं कापला, रद्द असा शिक्का मारला आणि घरच्यांना आठवण म्हणून मला परत दिलं.

आता मी शेवंतीच्या कपाटात आहे, साड्यांच्या घडीखाली. ती कधीतरी फोटोचं पान उघडते, आईच्या गालांवरून बोट फिरवते, मिटून ठेवते. मला आता कुठं जायचं नाही. माझ्याकडून कुणाला कुठं जाताही येणार नाही.

तुम्ही मात्र जाल. तुमच्या पासपोर्टांना चारी कोपरे आहेत. तुमच्यापैकी कुणाला जॉर्डनचा पर्यटक व्हिसा मिळाला आणि सरहद्दीकडच्या त्या वाळवंटातून तुमची गाडी गेली, तर थोडं थांबा. वाळूत कुठं सुटा दगड दिसला तर त्याला पाय लावू नका. हाक मारू म्हणाल तर त्याखालच्या पोराला नाव ठेवलेलं नाही. नुसते उभे राहा, आणि त्याची आजी निघाली होती एवढं त्याला सांगा.