बारा फळ्यांचा पूल

माझी बायको गेली ती छातीत कफ होऊन. दवाखान्याच्या कागदावर तसंच लिहिलं आहे. पण ती अंथरुणाला खिळली नसती तर कफ झाला नसता, आणि आपले हात गेले असं तिला वाटलं नसतं तर ती अंथरुणाला खिळली नसती. तिचे हात खरंच गेले होते का, एवढंच मला शोधायचं होतं.

ही काज-बटणाचं काम करायची. तीन शिंप्यांकडून कोट यायचे, त्यांची काजं ती हाताने घालायची. मी टीव्ही दुरुस्त करतो. पुढच्या खोलीत माझं टेबल, मागच्या खोलीत खिडकीपाशी तिची खुर्ची, आणि मधलं दार बत्तीस वर्षांत आम्ही कधी लावलं नाही. ती आतून बोलायची, मी हं हं करायचो. ती म्हणायची, तुमच्या हंचे तीन प्रकार आहेत. ऐकलं, नाही ऐकलं, आणि चहा हवा.

मग तिचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. म्हणाले, हा सावकाश जाणारा आजार आहे, बरीच वर्षं काढता येतील, फक्त हात चालते ठेवा आणि रोज फिरा. दाबायला एक रबरी चेंडू दिला. तिने तो दोन दिवस दाबला आणि हे कुत्र्याचं खेळणं आहे म्हणून बाजूला ठेवला. मग माळ्यावरून मुलाचा जुना व्हिडिओ गेम काढायला लावला. मुलगा नोकरीसाठी परदेशी जाऊन अकरा वर्षं झाली होती. गेमची एकच कॅसेट उरली होती. एक ढेरपोट्या माणूस हातात कंदील घेऊन भिंतींवरून, छपरांवरून उड्या मारत जातो आणि वाटेतले दिवे लावतो. खेळाचं खरं नाव वेष्टनावर होतं, पण ही त्याला पोटल्या म्हणायची. म्हणायची, अगदी तुमच्यासारखा चालतो, आधी पोट येतं, मग माणूस.

दुसऱ्या टप्प्यात एक पूल आहे. बारा फळ्यांचा. फळीवर पाय ठेवला की ती हलते, जरा थांबते आणि खाली पडते. ती पडायच्या आत पुढच्या फळीवर उडी मारायची. हिला तो पूल जमायला तीन आठवडे लागले. त्यानंतर तोच तिचा हात मोजायचा काटा झाला. सकाळी चहा झाला की एकदाच खेळायची, आणि जितक्या फळ्या झाल्या तो आकडा कॅलेंडरच्या चौकोनात लिहायची. बारा म्हणजे पूल पार. दीड वर्ष जवळजवळ रोज बारा होते. बारा आले की त्या दिवशी ती काजाला हात घालायची. अकरा आले तर नुसती बटणं लावायची, काजं उद्यावर. मी म्हणायचो, डॉक्टरची फी पोटल्यालाच देत जा. ती म्हणायची, तो निदान रोज तपासतो.

एका सकाळी कॅसेट चाललीच नाही. मी पिना घासल्या, आतून साफ केली, पण तिची चिप मेली होती. चार-पाच दिवस कॅलेंडर कोरं राहिलं तशी ही बेचैन झाली. मी मुलाला फोनवर सांगितलं. त्याला आनंदच झाला. त्याला रजा मिळत नव्हती, दर फोनला तो आईला काय पाठवू म्हणून विचारायचा आणि ही काही नको म्हणायची. त्याने तिकडच्या जुन्या सामानाच्या दुकानातून तोच खेळ शोधून पाठवला. वेष्टनावर तोच पोटल्या, तोच कंदील.

कॅसेट आली ती मशीनमध्ये बसेना. आतले दोन प्लास्टिकचे दात आड येत होते, ते मी घासून काढले. मग पडद्यावर एक सूचना यायची आणि खेळ तिथेच थांबायचा. त्यातलं मला लगेच कळलं. आपल्याकडे टीव्हीवर चित्र सेकंदाला पन्नास वेळा उमटतं, तिकडे साठ वेळा. माझ्या धंद्यातलं हे बाराखडीचं पहिलं पान. मी मशीन उघडलं, एका चिपचा पाय उचलला आणि छोटं बटण बसवलं. इकडे केलं की पन्नास, तिकडे केलं की साठ. साठवर ठेवलं आणि चित्र आलं, रंगही स्वच्छ. ही मागे उभी होती. म्हणाली, अजून चालतात की हो हात तुमचे. दिवसभर मी फुगून होतो.

दुसऱ्या सकाळी तिचे नऊ झाले. त्याच्या दुसऱ्या दिवशी आठ. आतून म्हणाली, "अहो, या पोटल्याचं गाणं घाईत वाटतंय."

माझ्यापुढे एक गिऱ्हाईक उभं होतं, टेबलावर सेट उघडा होता. मी जागेवरूनच म्हटलं, जुनी कॅसेट झिजून मंद झाली होती, ही नवी आहे, तरतरीत आहे. कॅसेटमध्ये झिजून मंद होण्यासारखं काहीही नसतं. हे मला माहीत होतं. पण काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून दिलं.

ती म्हणाली, "म्हणजे खेळ नीट आहे. मीच मंद झाले."

मी हं म्हटलं.

पुढचे दोन महिने कॅलेंडरवर आठ आहेत, नऊ आहेत, एकदा दहा आहे. मधे डॉक्टरकडे नेलं होतं. त्यांनी तिला कागदावर गोल गोल काढायला लावलं, जुन्या कागदाशी ताडून पाहिलं आणि म्हणाले, सहा महिन्यांपूर्वी होतं तसंच आहे, फरक नाही. दाराबाहेर आल्यावर ही म्हणाली, "दहा मिनिटं बघतात ते. मी रोज बघते." मला तेव्हा तिचंच पटलं.

तिसऱ्या महिन्यात तिने आकडे लिहायचं सोडलं. शिंप्यांचे कोट परत पाठवले. बहिणीला बोलावून घेतलं आणि कात्री, अंगुस्तान, सुयांची डबी तिच्यापुढे ठेवली. मेहुणी माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, अगं राहू दे, लागेल तुला. ही म्हणाली, कशाला, गंजायला? मेहुणीने डबी पिशवीत टाकली आणि जिना उतरेपर्यंत रडली नाही.

गेलेल्या हातांना कसला व्यायाम, म्हणून बोटांचा व्यायाम बंद झाला. मग फिरणं बंद झालं. मी रागावलो, हातापाया पडलो, एकदा तर तीन दिवस बोललो नाही. पण मनातून मीही मानलंच होतं की हात गेले. सकाळी तिच्या स्वेटरची बटणं मी लावायला लागलो. पहिल्या दिवशी तिने माझा हात बाजूला केला, दुसऱ्या दिवशी केला नाही. बटणं लावण्यात जिचा जन्म गेला तिची बटणं मी लावत होतो, आणि मला वाटत होतं मी तिची सेवा करतोय. पुढे ती अंथरुणावरून उठेनाशी झाली. तेरा महिन्यांनी गेली.

मुलगा आला, अकरा दिवस राहिला, परत गेला. त्यानंतर दर रविवारी दुपारी त्याचा फोन येतो. आम्ही दोघंही बोलण्यात कच्चे. पूर्वी ही बोलायची आणि आम्ही मधेमधे हजेरी लावायचो. त्यामुळे तो काहीतरी विषय काढून ठेवतो. अशाच एका रविवारी त्याने सांगितलं की पोटल्याचा खेळ दोन प्रकारचा निघाला होता, आपल्याकडचा वेगळा आणि तिकडचा वेगळा. तिकडे लोक खेळ दोन दिवसांसाठी भाड्याने न्यायचे आणि संपवून टाकायचे, म्हणून तिकडचा मुद्दाम अवघड केला होता. फळ्या लवकर पडतात. शिवाय तिकडच्या मशीनवर सगळंच जोरात पळतं, पन्नासाच्या जागी साठ. आपल्याकडे आणताना तो सावकाश केला, फळ्या जास्त वेळ थांबवल्या.

"म्हणजे बघा बाबा," तो हसत म्हणाला, "लहानपणी मी ज्या पुलाची एवढी मिजास केली, तो सोपा पूल होता."

कॅलेंडरच्या आकड्यांचं त्याला काही माहीत नव्हतं. हिने कधी सांगितलं नाही, मीही नाही.

फोन ठेवला आणि बसून राहिलो. पन्नास आणि साठ मला माझ्या नावासारखे पाठ आहेत. पण तो हिशोब मी चित्राचा धरला होता. त्याच ठेक्यावर पोटल्याचे पाय पडतात, त्याच ठेक्यावर फळ्या पडतात, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तिच्या कानाला आलं होतं. गाणं घाईत आहे म्हणाली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी खेळायला लागलो. मला त्यातलं काही येत नव्हतं. हिच्यासारखंच ठरवलं, चहा झाला की एकदा. मुलाने पाठवलेली कॅसेट, बटण साठवर. दोन महिने खेळलो. माझे हात ठणठणीत आहेत, आजही केसासारखी तार डाग देऊन जोडतो. माझ्या जास्तीत जास्त सात फळ्या झाल्या. तिच्या आजारी हातांच्या दहा झाल्या होत्या.

तरी मनाला एक पळवाट ठेवली होती. म्हटलं, मी नवशिका आहे, तिला दीड वर्षाची सवय होती, माझ्यावरून काय ठरतं? मुलाला विचारलं, आपली जुनी कॅसेट कुठे मिळेल का. तो फारच खूश झाला. बाबांनी स्वतःला कशात तरी गुंतवून घेतलं असं त्याला वाटलं. एका माणसाकडे आपल्याकडची होती, त्याच्याकडून मागवून थेट घरी पाठवली. मी बटण पन्नासवर केलं.

गाणं सुरू झालं आणि मला खुर्चीतून उठावं लागलं. दीड वर्ष रोज सकाळी मागच्या खोलीतून यायचं ते हे गाणं. पोटल्या संथ चालत होता, फळ्या पाय ठेवल्यावर विचार केल्यासारख्या थांबत होत्या. पहिल्या दिवशी माझ्या नऊ झाल्या, दुसऱ्या दिवशी दहा, तिसऱ्या दिवशी परत नऊ. चौथ्या दिवशी बारा. पोटल्या पलीकडे उतरून उभा राहिला आणि मी काही करत नाही म्हणून पाय आपटायला लागला. मी मशीन बंद केलं.

म्हणजे डॉक्टर बरोबर होते. त्या महिन्यात हात होते. काजं घालता आली असती. पुढे कधीतरी गेलेच असते, पण तेव्हा होते.

मेहुणीकडे जाऊन सांगावं असं वाटलं. चप्पल घातली, कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. सांगायचं काय? की तुझ्या पिशवीत मी ती डबी टाकायला लावली?

रविवारी मुलाचा फोन आला. मी ठरवलं होतं की त्याला सांगायचं. हिच्यावर माझ्याइतका जीव असलेलं दुसरं माणूस मला माहीत नाही. मी सुरुवातही केली. म्हटलं, अरे, तू आईला ती कॅसेट पाठवली होतीस ना.

तो पटकन म्हणाला, "तेवढंच बाबा. एवढ्या वर्षांत आईसाठी माझ्या हातून तेवढं एक झालं."

मग त्याने विचारलं, काय सांगत होतात?

"काही नाही," मी म्हटलं. "तिला फार आवडली होती."

त्याने नाक ओढलं. मग आवाज बदलून विचारलं, तुमचं काय, पूल झाला का? मी झाला म्हटलं. तो म्हणाला, वा, मग पुढे गुहेत गेलात की नाही, तिथे खरी मजा आहे. मी म्हटलं, नाही गेलो. का म्हणून विचारलं त्याने. मी म्हटलं, डोळे दुखतात.

मग तो तिकडच्या थंडीबद्दल बोलला आणि मी इथल्या हवेबद्दल. पुढच्या रविवारी करतो म्हणाला. मी बरं म्हटलं.