फौजदाराचा जबडा

पत्र काही आर्नोमामाच्या डोक्यात शिरेना. मी त्याच्याकडे बाहुल्यांचे चेहरे रंगवायचे. त्याने ब्रश खाली ठेवायला लावून ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. लढाई संपून नऊ वर्षं झाली होती आणि शहरातलं नाट्यगृह नाताळासाठी एक नाच बसवत होतं. त्यांना अक्रोड फोडणारा हातभर उंचीचा लाकडी बाहुला हवा होता. नाचातल्या मुलीचा त्याच्यावर जीव जडतो, एवढं लक्षात ठेवून करावा, असं शेवटी लिहिलं होतं.

"कुणावर जीव जडतो?" मामाने विचारलं.

"बाहुल्यावर."

"आपल्या अक्रोडफोड्यावर? चष्मा पुसून वाच जरा, हिल्डे."

त्याचंही खरं होतं. आमच्या डोंगरात फोड्यावर कुणी जीव लावत नाही. कथिलाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा खाणीतली माणसं लाकूड कातणारी कातारी झाली, आणि ज्यांचे हुकूम आयुष्यभर झेलले त्यांनाच लाकडात कोरू लागली. राजा, वनरक्षक, फौजदार. पाठीतला दांडा दाबला की साहेबांनी निमूट आमचे अक्रोड फोडायचे. मामाच्या आजोबांना राजाच्या जंगलातली वाळकी फांदी उचलली म्हणून सहा आठवडे कोठडीत घातलं होतं. सुटून आल्यावर त्यांनी त्या फौजदाराचं तोंड कोरलं: फुगलेले गाल, बटबटीत डोळे, विचकलेले दात. तोच नमुना आमच्याकडे तीन पिढ्या चालला होता. असले दात बघून वाईटसाईट घरात येत नाही म्हणून लोक तो खिडकीत ठेवत. पण मांडीवर घेत नसत.

तरी मामाने प्रयत्न केला. त्याने गाल उतरवले, मी डोळे लहान केले आणि ओठांना हसू दिलं. पहिला दारू प्यायल्यासारखा दिसला. दुसरा थेट आमच्या पाद्रीबुवांसारखा झाला, तो मामीने उचलून कपाटात टाकला. पाचव्यानंतर मामा म्हणाला की हसताना दात झाकले जातात, आणि दाताशिवाय हा फोडणार काय. शेवटी त्याने आजोबांचाच फौजदार मोठ्या मापात केला आणि सोबत माफीची चिठ्ठी लिहायला लावली.

आठवड्यात उत्तर आलं. बाहुला सगळ्यांना फार आवडला होता, आणि रविवारच्या दुपारच्या खेळाची दोन तिकिटं पाठवली होती.

मामाने तोवर नाटकही पाहिलं नव्हतं, नाच तर दूरच. कुणीच काही बोलत नाही हे बघून तो मला सारखा कोपराने ढोसत होता. मग मुलगी आली, दहा-अकरा वर्षांची, आणि तिच्या हातात आमचा फौजदार होता. एका मुलाने तो हिसकावून आपटला. जबडा निखळून पडला. मुलीने अंगावरची शाल काढून बाहुला तिच्यात गुंडाळला आणि ती त्याला छातीशी धरून बसली. आमच्या मागे एक बाई नाक पुसत होती.

मध्यंतर होताच मामा उठला. लाकूड चिकटवायचा सरस आणि चाकू त्याच्या खिशात असायचेच. विचारत विचारत तो रंगमंचामागे पोचला आणि सामान सांभाळणाऱ्या फ्राऊ झेलमा नावाच्या बाईंना म्हणाला, चूक माझी, लाकूड कच्चं निघालं, आत्ता बसवून देतो.

"अहो, बसवू नका," त्या घाबरून म्हणाल्या. "तो मोडायलाच हवा. रोज मोडतो आम्ही."

"रोज?"

"दोन्ही खेळांना. तुमची जबड्याची खुंटी फार पक्की होती, आम्ही ती कापून काढली."

मामाने बाहुला हातात घेतला. जबड्याच्या भोकात बोट घालून बघितलं. मग त्याने विचारलं की हा कुणाचा चेहरा आहे, हे त्या पोरीला कुणी सांगितलंय का. बाईंना प्रश्नच कळला नाही. नाचात पुढे हा राजपुत्र होतो, असं त्या म्हणाल्या.

"हा फौजदार आहे," मामा म्हणाला.

तिथेच खोक्यावर बसून त्याने नवी खुंटी तासली, हलक्या धक्क्याने निसटणारी आणि बोटाने दाबली की परत बसणारी. त्या नादात उरलेला अर्धा खेळ आमचा हुकला.

परतीच्या गाडीत तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. आजोबांनी तो चेहरा रागाने कोरला होता, ते आज तिथे असते तर हसले असते की उठून गेले असते, असं त्याने मला विचारलं. त्या पोरीने शालीत नेमकं कुणाला गुंडाळलं, हे मलाही उमगलं नव्हतं. पण मागच्या बाईसारखं मीही नाक पुसलं होतं, आणि ते का, ते मी त्याला कसं सांगणार?

त्यानंतर मामा अकरा वर्षं जगला. दर ऑक्टोबरात तो नाट्यगृहाला डझनभर खुंट्या पाठवायचा, कुणी न मागता. चेहरा त्याने बदलला नाही. फक्त एकदा, मी नेहमीसारखे डोळे वटारून रंगवत असताना, तो मागे येऊन उभा राहिला, डोळे जरा लहान कर म्हणाला, आणि मग राहू दे म्हणून पुन्हा आपल्या कामाला लागला.