चोविसावा नियम

साहेब कारखान्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण सुरक्षा काही त्यांच्या अंगातून निवृत्त झाली नव्हती. अठ्ठावीस वर्षं सुरक्षा अधिकारी म्हणून काढलेला माणूस तो. घरात बल्ब बदलायचा तरी स्टुलाचे चारही पाय हलवून बघणार, डोक्यावर हेल्मेट चढवणार, आणि वर शेजाऱ्याला सांगून ठेवणार की मी आता चढतोय. 'साहेब' हे नाव कामगारांनी पाडलेलं. बायको एरवी त्यांना 'अहो' म्हणे आणि डोकं फिरलं की 'साहेब'.

आता अशा माणसाच्या बायकोला छप्पन्नाव्या वर्षी तिरंदाजीचं वेड लागावं, याला काय म्हणायचं! बाई पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायची. सगळा जन्म सुईत दोरा ओवण्यात गेलेला, त्यामुळे हात मुळीच थरथरत नसे. वर्षभरात तिने क्लबातल्या भल्याभल्यांना मागे टाकलं. आणि आता पन्नाशीपुढच्या बायकांचा संघ निवडायचा होता. तीस बाण, तीनशे गुण, पहिल्या तिघी संघात.

"मला आजवर कशासाठी म्हणून कुणी निवडलेलं नाही," ती म्हणाली होती. "शाळेच्या नाटकात साधं झाडसुद्धा केलं नाही हो मला."

नेमकं तेव्हाच क्लबच्या हॉलचं छत गळायला लागलं आणि दुरुस्तीसाठी हॉल बंद झाला. उघडणार थेट निवडीच्या दिवशी, सहा आठवड्यांनी. "मग घरातच करते सराव," बायको म्हणाली.  साहेबांची नाही म्हणायची छाती नव्हती, म्हणून त्यांनी नियम केले.

घरात सरळ म्हणावी अशी एकच जागा होती. स्वयंपाकघराच्या दारापासून अडगळीच्या खोलीपर्यंतचा नऊ मीटरचा बोळ. साहेबांना टोकाला जाड प्लायवूड ठोकायचं होतं. बायको म्हणाली, कडक वस्तूवरून बाण उलटा येतो, तिथे जुना गालिचा सैल टांगा, सैल कापड बाण गिळतं. कापडाच्या बाबतीत तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. गालिचा टांगला गेला, त्याच्यापुढे गवताच्या पेंढ्याचं लक्ष्य आलं, आणि भिंतीवर नियमांची यादी लागली. दोन शिट्ट्या म्हणजे रेषेवर या, एक शिट्टी म्हणजे बाण सोडा, तीन म्हणजे बाण काढायला जा. सलग पाच म्हणजे आणीबाणी, हातातलं सगळं जागच्या जागी थांबवा. शिट्टी अर्थात साहेबांच्या गळ्यात. न्हाणीघराचं दार बोळातच उघडायचं, म्हणून आत असलेल्याने तीन शिट्ट्या झाल्याशिवाय बाहेर यायचं नाही. या नियमापायी जावई एकदा चाळीस मिनिटं आत बसला होता. सासरेबुवा पार्सल घ्यायला खाली गेले आणि तिथेच गप्पा मारत उभे राहिले. शेवटी बिचाऱ्याने आतून फोन केला, "बाबा, वाजवताय ना?"

असे तेवीस नियम झाले. बायकोने सगळे निमूट मान्य केले आणि स्वतःचा एकच सुचवला.

"रिकामी दोरी ओढून सोडायची नाही, हे लिहा. आमच्या कोचबाई रोज ओरडत असतात."

"बाण नसेल तर धोका कसला?" साहेब हसले. "फ्यूज काढल्यावर यंत्र काय चावणार आहे? उगाच यादी लांबवू नकोस."

यादीशेजारी त्यांनी कारखान्यातल्यासारखा पांढरा फलक लावला. 'अपघाताविना दिवस'. रोज सकाळी चहाच्या आधी आकडा बदलायचा. कारखान्यात साहेब निवृत्त झाले तेव्हा हा आकडा दहा हजार दोनशे बारा होता, आणि ही गोष्ट भेटेल त्याला सांगितल्याशिवाय ते राहत नसत.

निवडीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, घरचा आकडा होता चाळीस. दुपारी बायको पडदे पोचवायला गेली आणि साहेब यादीखाली टांगलेला साप्ताहिक तपासणीचा तक्ता घेऊन बसले. धनुष्य, दोरी, लक्ष्य, गालिचा, सगळ्यांपुढे 'ठीक' लिहून झालं, सही झाली. मग त्यांच्या मनात आलं, बघू तरी ही रोज काय ओढते ते. आता कुणी म्हणेल, नियमांचा एवढा पक्का माणूस आणि असं? पण त्यांनी नियम पाळूनच केलं हो सगळं! बोळ रिकामा आहे का पाहिलं. बाराच्या बारा बाण मोजून खणात ठेवले, खणाला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. स्वतःसाठी दोन शिट्ट्यासुद्धा वाजवल्या. मग दोरी ओढली. अर्ध्यावरच दंड लटपटायला लागला आणि दोरी सुटली.

ठाप्प! साहेबांना वाटलं हातच गेला. कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूने लालभडक पट्टा उठला आणि बघता बघता जांभळा पडायला लागला. हात काखेत दाबून ते बोळात दोन वेळा गोल फिरले. मग धनुष्य उचललं. वरच्या वाकत्या पात्यावर केसाएवढी बारीक चीर गेलेली होती. बाणात जायचा सगळा जोर, बाण नव्हता म्हणून, उलट धनुष्यातच शिरला होता. कोचबाई रोज ओरडत होत्या त्या याचसाठी.

साहेबांनी धनुष्य गुपचूप खुंटीला लावलं आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला. अंगाची लाही होत होती, तरी मनगटाची बटणंसुद्धा लावली.

"अहो, थंडी वाजतेय का तुम्हाला?" संध्याकाळी बायकोने विचारलं.

"छे गं. सहज."

ते 'सहज' तोंडातून गेलं आणि साहेब चमकले. हा शब्द त्यांनी कुठेतरी ऐकला होता. पंधरा वर्षांपूर्वी, भट्टीशेजारी, ऐन उन्हाळ्यात एक फिटर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून घाम गाळत उभा होता. का रे बाबा, म्हणून विचारलं तर म्हणाला, 'सहज, साहेब.' साहेबांनी त्याची पाठ थोपटली होती आणि जाऊन फलकावरचा आकडा एकाने वाढवला होता. त्या शर्टाच्या आत काय होतं, हे आज संध्याकाळी त्यांना कळलं. 

सांगू, जेवण झाल्यावर सांगू. सांगू, सकाळी सांगू. असं करता करता रविवारची सकाळ झाली. साहेबांनी फलकावर एक्केचाळीस लिहिले तेव्हा हात दुखत होता, आणि मनाची लाज वाटत होती ती वेगळीच.

"तीन बाण मारते आणि निघू," बायको म्हणाली. तिने यादीखालच्या तक्त्यावरचं 'ठीक' आणि सही पाहिली, तेवढ्यावर विश्वास ठेवून दोरी चढवली. साहेबांनी दोन शिट्ट्या वाजवल्या. ती रेषेवर उभी राहिली. बाण लावला आणि एका शिट्टीची वाट बघत थांबली. धनुष्याचं वरचं पातं तिच्या डोळ्यापासून वीतभरावर येणार होतं.

साहेबांनी शिट्टी फुंकली. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि मग मोजायचं भानच राहिलं नाही. फुंकतच सुटले. समोरच्या घराची खिडकी उघडली. बायकोने धनुष्य खाली केलं.

"अहो, काय झालं? आग लागली का?"

"काल दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी," साहेबांनी सुरुवात केली. आयुष्यभर अहवाल लिहिलेला माणूस, दुसरी भाषा येते कुठे! "सदर इसमाने परवानगी न घेता रिकामी दोरी..."

"कोण सदर इसम?"

"मी," साहेब म्हणाले आणि बाही वर केली.

तिने आधी हात पाहिला. मग पात्यावरून बोट फिरवलं आणि चिरेपाशी थांबली. ती मटकन स्टुलावर बसली.

"साहेब," ती म्हणाली, "एकच नियम सांगितला होता मी. एकच."

"हो."

"आज मला निवडणार होते हो." आणि ती रडली. साहेब हेल्मेट हातात धरून समोर उभे राहिले.  थोड्या वेळाने तिने तोंडावर पाणी मारलं. "गाडी काढा. क्लबचं धनुष्य मागते."

क्लबचं धनुष्य ओढायला हलकं निघालं. तिचे पहिले सहा बाण खालीच गेले. मग तिने नेम वर धरला आणि मग काय विचारता! प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीमागे उभे असलेले साहेब प्रत्येक बाणाला श्वास धरत होते. शेवटी दोनशे सव्वीस. तिसऱ्या बाईचे दोनशे तीस. चार गुणांनी चौथी. कोचबाईंनी यादीत तिचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, राखीव.

 घरी आल्या आल्या साहेबांनी बूटसुद्धा न काढता फलकावरचे एक्केचाळीस पुसले आणि शून्य लिहिलं. उभ्या आयुष्यातलं त्यांचं पहिलं शून्य. मग त्यांनी जुनी वही काढून फिटरचा नंबर शोधला.

"साहेब तुम्ही?" पलीकडचा माणूस दचकलाच. "काय काम काढलंत?"

"काम नाही रे. त्या वर्षी तू भट्टीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचास. भाजलं होतं ना?"

 "तुमचा तो आकडा होता ना, साहेब," फिटर म्हणाला, "कुणाच्यानं पुसवला असता तो? मी एकटाच नव्हतो."

साहेब खुर्चीत बसले. "आता हात कसा आहे?"

"बरा आहे." मग तो हसला, पण हलकंच. "पंधरा वर्षांनी विचारताय."

फोन ठेवून साहेब बोळात आले. क्लबचं धनुष्य बायकोने सरावाला मागून आणलं होतं आणि ती रेषेवर उभी होती. यादीत तेविसाव्या नियमाखाली कापडावर खुणा करायच्या खडूने मोठ्या अक्षरात तिने चोविसावा लिहिलेला होता. त्याखाली, आणखी मोठ्या अक्षरात, पंचविसावा: 'लागलं तर त्याच दिवशी सांगायचं.'

"सही करा," ती म्हणाली. साहेबांनी दोन्हींवर केली.

"आणि आता शिट्टी वाजवा. राखीव माणसाला सराव जास्त लागतो."