आतल्या खोलीतल्या खुर्च्या

"माणूस मरतो, पण त्याचं कार्य अमर राहतं!" सांडूभाऊंनी गर्जना केली, आणि माइक मेला.

पुंडलिकनगरातल्या त्या गल्लीत कडुबांच्या पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती जमली होती. सगळ्यांनी आधी माइककडं पाहिलं, मग हार घातलेल्या फोटोकडं. माइक बिघडला की कडुबांना हाक मारायची, ही जुनी सवय. कडुबा वारले म्हणून ती काय लगेच सुटते? शेवटी फोटोशेजारी बसलेल्या गीताबाई उठल्या आणि त्यांनी माइकच्या मशीनला उजव्या अंगाला एक धपाटा घातला. कार्य पुन्हा अमर झालं.

धपाटा त्यांना ठाऊक असणारच. ते मशीन त्यांच्या उशाशी राहत होतं. एका भीमजयंतीनंतर कडुबांनी वस्तीच्या खुर्च्या आतल्या खोलीत ठेवून घेतल्या. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे गं," म्हणाले. मागून सतरंज्या आल्या, पातेली आली, माइक आला. गोकुळ मोठा झाला, त्याचं लग्न झालं, नात प्रेरणा झाली. दोन दिवस काही संपले नाहीत. रात्री कूस बदलायची तर आधी नवऱ्याला कळवावं लागे, नाहीतर खुर्च्यांची चळत अंगावर यायची. कुणाचं लग्न असो की मयत, कडुबा अर्ध्या ताटावरून उठून खुर्च्या काढून द्यायचे. प्रेरणाला चळतीवर बसवून "राणीसरकार" म्हणत मुजरा करायचे. तेव्हा गीताबाईंचा राग जायचा. खुर्च्या जायच्या नाहीत.

आज त्याच खुर्च्यांवर वस्ती बसली होती. त्यासाठी सकाळी खोली रिकामी झाली आणि गीताबाईंना भिंतीत खिडकी सापडली. त्यांच्याच घरातली. ऊन थेट खाटेवर आलं. त्या उन्हात बसून कडुबा गेल्यापासून पहिल्यांदा मनसोक्त रडल्या. तोवर रडायला ऐसपैस जागाच नव्हती.

"...म्हणून कडुबादादांच्या स्मरणार्थ," सांडूभाऊ आता रंगात आले होते, "आणखी शंभर खुर्च्या! आणि त्या राहतील कुठं? दादांच्याच खोलीत!"

प्रसंग विसरून लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोकुळनंही. गीताबाईंच्या डोळ्यांपुढं खिडकी पुन्हा चळतीआड गेली.

"गोकुळ, मला नाय चालायचं."

"आई, हळू. बाबांच्या नावाचं आहे. लोक काय म्हणतील?"

"लोक खुर्चीवर बसून म्हणतील. मी कुठं बसू?"

"आता वहिनी दोन शब्द बोलतील," सांडूभाऊंनी जाहीर करूनही टाकलं.

मागं फोटो, पुढं वस्ती, शेजारी मुलगा. निसटायला फट नव्हती. हातात माइक आला. फोटोत कडुबा हसत होते. फोटोतूनसुद्धा कुणाला नाही म्हणणार नाहीत, असं.

"जयभीम. आमचे हे लई चांगले माणूस होते," गीताबाई म्हणाल्या. "कुणाला नाय म्हणायचं तेवढं राहून गेलं त्यांचं. ते काम माझ्यावर टाकून गेले."

सांडूभाऊंनी डोळे पुसले.

"म्हणून एवढंच करा. जाताना ज्यानं त्यानं आपल्या बुडाखालची खुर्ची आपापल्या घरी न्या. आन् सांडूभाऊ, माइक तुमच्याकडं. धपाटा उजव्या अंगाला द्या, जरा जोरात."